मोजपट्टी कोणाची? : सामाजिक संशोधनाच्या साधनांविषयी

दलित साहित्याला कोणते निकष लावावेत, या प्रश्नावर मराठीत गेली पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. प्रस्थापित समीक्षेने आपली मोजपट्टी पुढे केली तेव्हा आपल्या लेखकांनी एक साधा प्रतिप्रश्न विचारला. ही मोजपट्टी कोणी तयार केली, कोणते साहित्य समोर ठेवून तयार केली, आणि जे जगणे तिच्या कर्त्यांना ठाऊकच नव्हते ते तिने मोजायचे कसे? साहित्याच्या क्षेत्रात हा प्रतिप्रश्न आता रुजला आहे. सामाजिक संशोधनाच्या क्षेत्रात मात्र तो क्वचितच ऐकू येतो. आपली मुले-मुली एम.ए., एम.एड., पीएच.डी. करतात, प्रश्नावल्या भरून घेतात, तक्ते काढतात, टक्केवारी मांडतात. ज्या साधनाने हे सारे मोजले ते साधन मात्र ‘प्रमाणित’ आहे एवढ्या एका शब्दावर वादातीत ठरते. कादंबरीच्या निकषांविरुद्ध तावातावाने बोलणारा विद्यार्थी छापील मापनश्रेणीपुढे निमूटपणे मान तुकवतो. ही विसंगती तपासून पाहावी, हा या लेखाचा हेतू आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याच्या परिसरातला. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मीच. आता महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासतो. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवरचे हे गाव. एके काळी निझामाचे राज्य या बाजूला आणि वऱ्हाड पलीकडे होते. नाका म्हटला की तिथे थांबवणे आले, तपासणे आले, कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे हे ठरवणे आले. संशोधनाचे साधन असाच एक नाका असते. कोणता अनुभव ‘माहिती’ म्हणून आत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे तिथे ठरते. म्हणून नाक्यावर कोण बसला आहे, हे विचारणे भाग आहे.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत चांगल्या साधनाचे दोन गुण सांगितलेले असतात. एक विश्वसनीयता आणि दुसरा सप्रमाणता. पुन्हा पुन्हा मोजले तरी तेच उत्तर यावे, ही विश्वसनीयता. जे मोजायचे ठरवले आहे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. या दोहोंतला फरक आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तक न वाचता कळत होता. सावकाराची पायली दर वेळी तेवढेच धान्य मोजायची, त्यात चूक व्हायची नाही. पण धान्य द्यायची पायली वेगळी आणि वसुलीची वेगळी, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. दोन्ही पायल्या पूर्ण विश्वसनीय होत्या. खरी मात्र एकही नव्हती. आपल्याकडच्या प्रबंधांत विश्वसनीयतेचा गुणांक दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो. सप्रमाणतेविषयी मात्र ‘तज्ज्ञांकडून तपासून घेतले’ एवढे एकच वाक्य असते. तज्ज्ञ कोण, कोणत्या गोष्टीतले तज्ज्ञ, याचा उल्लेख नसतो. माझ्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात दडलेला आहे.

साधनाची तपासणी कशी करावी याचा धडा आपल्याला परदेशी ग्रंथांत शोधायला जाण्याची गरज नाही. तो बाबासाहेबांनी घालून दिला आहे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी, हिंदूंमध्ये मोजल्या जाणाऱ्या कोणत्या जाती-जमाती हिंदू म्हणवण्याच्या ठराविक कसोट्यांना उतरत नाहीत हे पाहण्यासाठी दहा कसोट्या ठरवण्यात आल्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व नाकारतात का, वेदांचे प्रामाण्य नाकारतात का, ब्राह्मणाकडून मंत्र घेत नाहीत का, त्यांना चांगले ब्राह्मण पौरोहित्याला मिळत नाहीत का, मंदिराच्या आत त्यांना मज्जाव आहे का, त्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानतात का, ते मृतांना पुरतात का, गोमांस खातात का, अशा या कसोट्या होत्या. आजच्या भाषेत हे दहा विधानांचे एक मापन-साधनच होते.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हे साधन हाती घेतले आणि त्याची विधानवार चिकित्सा केली. त्यांना पहिली गोष्ट अशी दिसली की या दहा कसोट्या एकच गोष्ट मोजत नाहीत. काही कसोट्या हिंदूंना आदिवासी व जडप्राणवादी समाजांपासून वेगळे करतात. दहापैकी पाच कसोट्या मात्र अस्पृश्यांना इतरांपासून वेगळे करतात. दोन वेगळ्या गोष्टी एका साधनात मिसळल्या तर बेरजेला अर्थ उरत नाही. आज संख्याशास्त्रात घटक-विश्लेषण म्हणून जे शिकवले जाते त्यामागची दृष्टी हीच आहे. त्यांची दुसरी हरकत याहून मूलगामी आहे. अस्पृश्यांकडे ब्राह्मण पुरोहित जात नाही, ही वस्तुस्थिती जनगणनेने नोंदवली, पण ती का, हे विचारले नाही. ब्राह्मणाने अस्पृश्यांना टाळले की अस्पृश्यांनीही ब्राह्मणाला टाळले? साधनाच्या कर्त्यांनी नकार फक्त वरून खाली येतो असे गृहीत धरले होते. खालूनही नकार दिला जाऊ शकतो, ही शक्यताच त्यांच्या रकान्यात नव्हती. ती शक्यता बाबासाहेबांनी पाहिली आणि तिच्यातूनच अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा त्यांचा सिद्धान्त पुढे सरकला. तो सिद्धान्त कोणाला पटो वा न पटो, साधन तपासण्याची ही रीत प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावी अशी आहे. विधान कोणत्या गृहीतावर उभे आहे, आणि कोणते उत्तर देण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही, हे दोन प्रश्न त्या रीतीत आहेत.

याच ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचाही हिशेब केला. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. बाबासाहेबांनी गो. स. घुर्ये यांनी मांडलेले मापांचे तक्ते घेतले आणि त्याच आकड्यांवरून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे आहेत हे सिद्ध होत नाही. मोजपट्टी नाकारून ते स्वस्थ बसले नाहीत. ती हातात घेऊन त्यांनी पुन्हा मोजले. आपली परंपरा ही आहे.

आता अलीकडच्या एका साधनाकडे वळू. उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी १९६४ साली ग्रामीण कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक दर्जा मोजण्याची श्रेणी तयार केली. कृषी विस्ताराच्या प्रबंधांतून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. तीत जात, व्यवसाय, शिक्षण, जमीन, सामाजिक सहभाग, घर, शेतीची ओढशक्ती, घरातल्या वस्तू आणि कुटुंबाचा प्रकार असे नऊ घटक आहेत. प्रत्येक घटकाला गुण आहेत. जात या घटकात अनुसूचित जातीला १ गुण आणि गावातल्या वर्चस्व असलेल्या जातीला ६ गुण. मधल्या जाती मधल्या पायऱ्यांवर.

माझ्या वडिलांचे घर या श्रेणीवर मांडून पाहू. जात १. व्यवसाय मजुरी, म्हणून १. शिक्षण शून्य. जमीन शून्य. बैल नाही, म्हणून ओढशक्ती शून्य. आता त्यांच्या मुलाचे घर मांडू. पदव्युत्तर शिक्षणाचे ७, नोकरीचे ६, पक्क्या घराचे ४. जातीचा मात्र पुन्हा १. वर्चस्व असलेल्या जातीत आज जन्मलेले बाळ डोळे उघडण्यापूर्वी आमच्यापेक्षा ५ गुणांनी पुढे असते. याच श्रेणीत निरक्षर माणसाला शून्य आणि हायस्कूल झालेल्याला ५ गुण आहेत. म्हणजे जन्माने मिळालेले अंतर भरून काढायला आमच्या माणसाने शून्यापासून हायस्कूलपर्यंत शिकायचे, आणि तेव्हा कुठे तो निरक्षर पाटलाच्या बरोबरीला यायचा.

यावर कोणी म्हणेल, श्रेणीचे कर्ते जातीयवादी नव्हते. गावात जातीवरून प्रतिष्ठा ठरते, तेवढेच त्यांनी नोंदवले. हे मला मान्य आहे. कर्त्यांच्या हेतूंवर माझा आक्षेपच नाही. आक्षेप बेरजेवर आहे. जन्माने लादलेली आणि कष्टाने मिळवलेली अशा दोन गोष्टी एका आकड्यात मिसळल्या की कोणती किती, हे पुन्हा वेगळे काढता येत नाही. पुढे संशोधक निष्कर्ष काढतो : सामाजिक-आर्थिक दर्जा कमी असलेल्या शेतकऱ्यांनी सुधारित बियाणे कमी प्रमाणात स्वीकारले, आणि दलित शेतकऱ्यांचा दर्जा कमी आढळला. अहो, दर्जा कमी ‘आढळला’ कसा? तो तर तुम्हीच आधी घातला होता. डब्यात ठेवलेला रुपया डबा उघडल्यावर सापडला, याला शोध म्हणता येत नाही. आज काही संशोधक जातीचा घटक गाळून ही श्रेणी वापरतात. तेही पुरेसे नाही. जात गाळली की ती गेली असे होत नाही. ती जमिनीच्या रकान्यातून बोलते, घराच्या रकान्यातून बोलते. जात स्वतंत्रपणे नोंदवावी आणि इतर घटकांशी तिचा संबंध उघडपणे तपासावा, हा सरळ मार्ग आहे.

सामाजिक सहभागाचा रकानाही पाहण्यासारखा आहे. संस्थेचा सभासद असेल तर गुण, पदाधिकारी असेल तर जास्त गुण. सोसायटी, दूध संघ, ग्रामपंचायत हे संशोधकाला चटकन सुचते. पण जयंती समितीचा सचिव, बुद्धविहारासाठी घरोघर वर्गणी गोळा करणारी महिला मंडळाची बाई, यांचा सहभाग त्या रकान्यात बसतो का? श्रेणीत मनाई नाही, पण विचारणाऱ्याच्या डोक्यात ती संस्था नसते. मग वस्तीतल्या सगळ्यात सक्रिय बाईच्या नावापुढे शून्य पडते आणि प्रबंधात ‘सामाजिक उदासीनता’ असा निष्कर्ष छापला जातो.

परदेशातून आलेल्या साधनांची आणखी एक अडचण आहे. अमेरिकेतल्या एमोरी बोगार्डस यांनी १९२५ साली सामाजिक अंतराची श्रेणी मांडली. परक्या समूहातल्या माणसाला तुम्ही विवाहसंबंधात घ्याल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, देशाचा नागरिक म्हणून, की केवळ पाहुणा म्हणून स्वीकाराल, अशी ती शिडी आहे. जो जवळची पायरी मान्य करतो त्याला दूरची मान्य असतेच, हे तिचे गृहीत. आपल्या गावात ही शिडी मोडते. आमच्या भागात बाळंतपणाला मांगवाड्यातली सुईण बोलावली जाई. बाळाला पहिला स्पर्श तिचा, नाळ कापणारा हात तिचा. माणसामाणसांत याहून जवळचा स्पर्श कोणता असेल? पण त्याच बाईला त्या घरच्या रांजणातले पाणी हाताने घेता येत नसे. लग्नाच्या वरातीपुढे वाजवणारा वाजंत्री सर्वांच्या पुढे असे आणि पंगतीत सर्वांच्या मागे, तोही वेगळा. जातीचे अंतर हातांनी मोजायचे अंतर नाही. कोणते काम करून घ्यायचे असेल तेव्हा स्पर्श चालतो आणि कोणता हक्क मागितला की विटाळ होतो, यावर ते ठरते. सेवेचा स्पर्श आणि बरोबरीचा स्पर्श वेगळे न करणारी श्रेणी आपल्याकडे सप्रमाण ठरणार नाही, मग तिचा गुणांक कितीही उंच येवो.

भाषांतराचेही तसेच. इंग्रजी प्रश्नावली पुढे ठेवून ‘अस्पृश्यता’ असा शब्द लिहिला की तो पुस्तकातला शब्द होतो. गावातली म्हातारी तो वापरत नाही. बरे, तिचा ‘विटाळ’ हा शब्द घेऊन “तुमच्या घरात विटाळ पाळतात का?” असे विचारले, तर ती पाळीच्या दिवसांविषयी उत्तर देईल. तिचे होय आपल्या तक्त्यात जातीच्या रकान्यात जाऊन पडेल. ‘शिवाशिव’ म्हटले तर काहींना सोवळे-ओवळे आठवेल. म्हणून शब्द निवडण्याचे काम कोशातून होत नाही. ते ओट्यावर, पाणवठ्यावर, मजुरीच्या पातीवर बसून करावे लागते.

आता या साऱ्याचे मोल ज्यात स्पष्ट दिसते त्या उदाहरणाकडे येतो. २०११-१२ साली राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी भारतीय मानव विकास सर्वेक्षणाची दुसरी फेरी केली. देशभरातली ४२ हजारांहून अधिक कुटुंबे त्यात होती. तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते का, असा थेट प्रश्न त्यात होता. नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता मान्य केली. महाराष्ट्राचा आकडा आला सुमारे ४ टक्के.

या चार टक्क्यांचे काय करायचे? एक अर्थ असा की फुले-आंबेडकरांच्या चळवळीने, १९५६ च्या धम्मक्रांतीने, शिक्षणाने महाराष्ट्र खरोखर बदलला. या अर्थात तथ्य आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. दुसरा अर्थ असा की चळवळीच्या धाकाने लोकांना योग्य उत्तर कोणते हे कळले आहे. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने नष्ट केली आहे, १९५५ च्या कायद्याने तिचे पालन हा गुन्हा ठरवला आहे. तेव्हा दारात कागद घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने “तुम्ही अस्पृश्यता पाळता का?” असे विचारणे म्हणजे “तुम्ही गुन्हा करता का?” असे विचारणेच झाले. तिसरा अर्थ असा की लोकांच्या मनातली शिवाशिव त्या शब्दांत पकडलीच गेली नाही. हे तीन अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत आणि हे साधन त्यांना वेगळे करू शकत नाही. सर्वेक्षणाने दुसरा प्रश्न ठेवला हे चांगले केले, पहिल्याला नाही म्हणणारे काही जण दुसऱ्यात सापडले. पण दोन्ही प्रश्न उंबऱ्याच्या आतल्या माणसालाच विचारलेले आहेत. उंबऱ्याबाहेर थांबवला गेलेला माणूस या घराविषयी काय सांगतो, हे त्या रकान्यात येत नाही.

ज्या मराठवाड्याने २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या जळताना पाहिल्या, आणि विद्यापीठाच्या फाटकावर बाबासाहेबांचे नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, त्या मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात भांडे चालेल की नाही, यापेक्षा नाव चालेल की नाही, मिरवणुकीचा रस्ता चालेल की नाही, यावर इथे रक्त सांडले आहे. अस्पृश्यतेने आपले ठिकाण बदलले असेल तर जुन्या ठिकाणी मोजमाप करून ती कमी झाली असे म्हणता येत नाही.

ठिकाण बदलते म्हणजे काय, हे चहाच्या कपावरून सांगतो. एके काळी हॉटेलात वेगळा कप ही अस्पृश्यतेची ठळक खूण होती. आज बहुतेक टपऱ्यांवर कागदाचा कप आला आहे. प्यायचा आणि फेकायचा. ‘वेगळा कप ठेवतात का?’ या प्रश्नाला आता सगळीकडे नाही असे उत्तर येईल आणि ते खरेही असेल. पण कप वेगळा ठेवण्याची गरज बंद झाली, एवढेच त्यावरून समजेल. गरज का बंद झाली हे समजणार नाही. शिवाय कनेरगाव नाक्यावरच्या रस्त्याकाठच्या हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्याची जात कोणी विचारत नाही, गल्ल्यावर पैसे मोजले की झाले. तोच गिऱ्हाईक आडवळणाच्या आपल्या गावात गेला की लग्नाच्या पंगतीत त्याची जागा ठरलेली असते. एकाच माणसाचे दोन ठिकाणचे अनुभव वेगळे. प्रश्नात ‘कुठे’ नसेल तर उत्तराला अर्थ नाही.

याहून वेगळ्या वाटेने जाणारी कामे झाली आहेत, हेही सांगितले पाहिजे. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचा अभ्यास २००६ साली पुस्तकरूपाने आला. ११ राज्यांतल्या ५६५ गावांत मंदिर, पाणवठा, दुकान, टपाल, शाळा, मजुरी अशा एकेका ठिकाणी काय घडते, याची नोंद त्यात आहे. तुमचे मत काय, यापेक्षा गावात काय घडते, हे विचारण्यावर भर होता. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तर कोणाला काही विचारलेच नाही. वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे मात्र वेगवेगळी, काही उच्चजातीय वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. मग मुलाखतीचे बोलावणे कोणाला येते ते पाहिले. दलित नावाला बोलावणे मिळण्याच्या संधीचे गुणोत्तर उच्चजातीय नावाच्या तुलनेत ०.६७ आले, मुस्लिम नावाचे ०.३३. त्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना “तुम्ही जात पाहता का?” असे विचारले असते तर आम्ही गुणवत्ता पाहतो, हेच उत्तर मिळाले असते. बोलणे आणि वागणे यांतले अंतर हेच मोजायचे असेल तर नुसत्या बोलण्यावर विसंबून कसे चालेल?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. पीडितांना विचारले तर ते वाढवून सांगतील, संशोधन एकांगी होईल. पहिली गोष्ट, पाळणाऱ्याला विचारून काढलेला आकडा एकांगी नसतो, हे कोणी ठरवले? दुसरी गोष्ट, पीडित माणूस वाढवूनच सांगतो, हा समज वस्तीत न बसलेल्यांचा आहे. आपला माणूस पुष्कळदा कमी करून सांगतो. उद्या ज्याच्या शेतात कामाला जायचे आहे तो समोर उभा असला तर काय सांगणार? शिकलेला तरुण स्वाभिमानापोटी “आता तसलं काही राहिलं नाही” म्हणतो, कारण अपमान झाला असे सांगणेही त्याला अपमान वाटते. म्हणून केवळ पीडिताचे म्हणणे हीच अंतिम कसोटी, असे मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीविषयी विचारावे आणि उत्तरांतली तफावत लपवू नये. ती तफावत हीच त्या गावाची खरी माहिती असते.

साधन घडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी काही गोष्टी सांगत असतो, त्या इथे नोंदवतो. विधानांचा साठा ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांतून उचलू नका, लोकांच्या बोलण्यातून घ्या. दया पवारांचे ‘बलुतं’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही आत्मकथने साहित्य म्हणून वाचता, तशी ती मोजण्याजोग्या अनुभवांची पहिली यादी म्हणूनही वाचा. मग आजची यादी करा. वर्गात हा विषय काढला की मुले भराभर सांगू लागतात : तालुक्याला खोली भाड्याने मागताना आधी आडनाव विचारणे, शाळेतली खिचडी कोण शिजवते यावरून डबा घरून देणे, हापशावर आधी कोणाचा हंडा, स्मशानभूमीची वाट, जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता. ही यादी कोणत्याही छापील श्रेणीत एकत्र सापडत नाही.

ती यादी तपासायला तज्ज्ञ नेमताना विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांबरोबर वस्तीतली मजूर बाई, जुना कार्यकर्ता आणि गावातला एखादा सवर्ण शिक्षकही बसवा. कोणते विधान कोणाला कसे कळले, ते लिहून ठेवा. पथदर्शी चाचणी नाक्यावरही घ्या आणि आतल्या गावातही घ्या. दोन्हीकडे सारखीच उत्तरे आली तर साधन फरक ओळखत नाही असा संशय घ्या. आणि प्रश्न विचारणाऱ्याची नोंद करा. तोच कागद घेऊन एका आडनावाचा विद्यार्थी गेला की त्याला सोप्यात बसवून चहा मिळतो, दुसऱ्या आडनावाचा गेला की उत्तरे दारातूनच मिळतात. आपल्याला कुठे बसवले, पाणी कशातून दिले, नाव ऐकल्यावर आवाज बदलला का, यासाठी प्रपत्रात एक रकाना ठेवा. प्रश्न काय आणि उत्तर काय, याआधी कधी कधी तो रकाना सगळे सांगून जातो.

शेवटची गोष्ट गुणांची. गुण आणि भार कसे दिले ते उघड सांगा. १९८० साली सादर झालेल्या मंडल आयोगाने सामाजिक, शैक्षणिक आणि आर्थिक अशा ११ निकषांना एकूण २२ गुण दिले. सामाजिक निकषांना प्रत्येकी ३, शैक्षणिकांना २, आर्थिकांना १, आणि ११ गुणांची मर्यादा ठरवली. हे भार योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, कारण ते झाकलेले नाहीत. मागासलेपणाचे मूळ सामाजिक आहे, ही भूमिका त्या गुणांत लिहिलेली आहे. प्रत्येक साधनात अशी भूमिका असतेच. फरक एवढाच की कोणी ती सांगतो आणि कोणी ती तटस्थतेच्या नावाखाली झाकतो.

येत्या जनगणनेत जातींची गणना होणार, असे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आहे. आकडे येतील, त्यांवर लेख येतील, न्यायालयांत युक्तिवाद होतील, योजनांची आखणी होईल. जातीतली माणसे मोजणे आवश्यकच आहे. पण माणसे मोजली म्हणजे त्यांच्या वाट्याला आलेला भेदभाव मोजला असे होत नाही. त्यासाठी वेगळी साधने लागतील, आणि ती आपण घडवली नाहीत तर दुसरे कोणी तरी घडवून आपल्यावर लावतील. मग चार टक्क्यांचा आकडा आपल्यापुढे ठेवून ‘आता काय राहिले?’ असे विचारले जाईल. त्या वेळी घोषणा पुरणार नाहीत. आमच्या प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक अभ्यासमंडळात दोन-चार विद्यार्थी असे हवेत की जे तो आकडा हातात घेतील आणि शांतपणे विचारतील : प्रश्न काय होता, कोणत्या शब्दांत होता, तो कोणी विचारला, आणि कोणाला विचारला?